पंपावरचा आकडा

सकाळी ९ वाजून ११ मिनिटं ते ९ वाजून १६ मिनिटं. एवढ्या वेळात दम्याचा पंप ३२ वेळा दाबलेला. संगणकाच्या पडद्यावर एकाच जागी उभ्या रेघांचं झुडूप उगवलं होतं आणि त्याआधीचे सहा आठवडे जवळजवळ उजाड माळ. भेटीची वेळ साडेनऊची होती. समोर बसलेली कॉलेजची मुलगी खिडकीबाहेर बघत होती.

आमच्या अभ्यासात प्रत्येक पंपाला काडेपेटीहून लहान असं एक यंत्र बसवलेलं असतं. पंप दाबला की ते तारीख आणि वेळ टिपून ठेवतं. हे तिला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, संमतीपत्रातही होतं, खाली तिची सही होती. पण सही करताना आपण तरी काय वाचतो?

माझ्यासोबतची नर्स साठीला आलेली, या कामात केस पांढरे झालेली. ती रागावली नाही. तिने फक्त विचारलं, "गाडीत फार गारठा होता का गं?" मुलगी आधी लाल झाली, मग हसायला लागली. म्हणाली, "तुम्ही सगळ्या इतक्या छान वागता. मी औषध घेतलंच नाही हे कळलं तर तुम्हाला वाईट वाटेल असं वाटलं."

आमच्या धंद्यात याला डम्पिंग म्हणतात. भेटीच्या आधी पंप हवेत रिकामा करायचा, म्हणजे हिशेब जुळतो. ते ३२ दाब आम्ही पुसले नाहीत. पुसायचे नसतातच. खाली टीप लिहिली, मुलीला चहा दिला आणि पुढची तारीख ठरवली.

(तिची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे इकडेतिकडे केले आहेत. तिनेही हसून परवानगी दिली आहे.)

कराडहून बी. फार्म करून मी न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला आले त्याला आता चार वर्षं झाली. एका दवाखान्यात मी रिसर्च कोऑर्डिनेटर आहे. घरी सांगितलं तेव्हा काकांनी विचारलं होतं, "म्हणजे तू औषध शोधतेस?" नाही हो काका. मी फोन करते. दिवसाचे निम्मे तास फोन. "उद्या येताय ना? पंप आणायला विसरू नका. रात्री खोकल्याने जाग आली का? किती वेळा?" उरलेल्या वेळात लोकांना नळीत फुंकायला लावते, "अजून, अजून, अजून फुंका" म्हणून ओरडते आणि कागद भरते. इथे प्रमुख डॉक्टरांनाही नावाने हाक मारतात. माझ्या तोंडून अजून 'सर' निसटतं आणि सगळे मागे वळून बघतात, कोण सर आलेत म्हणून.

पण या गावात हे काम करताना एक जुनी गोष्ट सतत कानावर पडते. १९७६ साली न्यूझीलंडमध्ये फेनोटेरॉल नावाचा दम्याचा पंप आला. पुढच्या काही वर्षांत दम्याने माणसं मरायला लागली, तीही तरुण. जगात कुठेच दम्याने इतके मृत्यू होत नव्हते. कारणं बरीच सुचवली गेली, पंपाकडे बोट दाखवायला फारसं कोणी तयार नव्हतं. वेलिंग्टनच्या ज्युलियन क्रेन, नील पिअर्स, कार्ल बर्जेस आणि रिचर्ड बीझली यांनी मात्र जुन्या नोंदी उघडल्या. १९८१ ते ८३ मधले ११७ मृत्यू घेतले. प्रत्येक मृतासमोर दम्यासाठीच हॉस्पिटलात दाखल झालेले, पण जगलेले चार रुग्ण ठेवले आणि एकच प्रश्न विचारला: कोणाला कोणता पंप लिहून दिला होता? मेलेल्यांमध्ये फेनोटेरॉलवाले जास्त निघाले.

१९८९ मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. औषध कंपनीने कडाडून विरोध केला, मोठमोठ्या डॉक्टरांनीही नाकं मुरडली. यांनी वेगळ्या नोंदी घेऊन तोच हिशेब आणखी दोनदा मांडला. उत्तर तेच. सरकारने त्या पंपावर निर्बंध आणले आणि दम्याचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. मूठभर माणसं, जुन्या फायली आणि न कंटाळता केलेली मोजणी. मला ही गोष्ट कुठल्याही नव्या औषधाच्या शोधापेक्षा मोठी वाटते.

यातले बीझली पुढे वेलिंग्टनच्याच मेडिकल रिसर्च इन्स्टिट्यूट ऑफ न्यूझीलंडचे प्रमुख झाले, आणि तीस वर्षांनी पुन्हा एका पंपाच्या मागे लागले. या खेपेला आपला नेहमीचा निळा, साल्ब्युटामॉलचा. तो श्वासनळ्या उघडतो, पाच मिनिटांत बरं वाटतं. आतली सूज मात्र जिथल्या तिथे राहते. सुजेवर स्टेरॉइडचा पंप लागतो, रोज सकाळ-संध्याकाळ. तो घेतल्या घेतल्या काहीच जाणवत नाही, म्हणून लोक सोडतात. मग स्टेरॉइड आणि श्वासनळ्या लगेच उघडणारं फॉर्मोटेरॉल हे दुसरं औषध एकाच पंपात भरून, त्रास झाला की तोच जोडपंप घ्यायला सांगितला तर? २०१९ मध्ये 'नॉव्हेल स्टार्ट' या अभ्यासाचं उत्तर आलं. सौम्य दमा असलेली सहाशेवर प्रौढ माणसं, चार देश, एक वर्ष. नुसता निळा पंप वापरणाऱ्यांच्या तुलनेत जोडपंपवाल्यांमध्ये दमा उसळण्याचं प्रमाण निम्मं. गंभीर झटके निळ्या पंपवाल्यांत २३, जोडपंपवाल्यांत ९. त्याच वर्षी दम्याच्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांत, प्रौढांना आणि किशोरवयीनांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नका, असं आलं.

कोणाला कोणता पंप मिळाला हे सगळ्यांना माहीत होतं, हा त्यातला कच्चा दुवा. आणि पैसा? त्यात सरकारी संशोधन मंडळासोबत जोडपंप बनवणारी अ‍ॅस्ट्राझेनेकाही होती. माझ्यासारखीला हे वाचून आधी खटकलंच. पण त्याच वर्षी न्यूझीलंडमध्येच झालेला 'प्रॅक्टिकल' हा दुसरा अभ्यास सरकारी मंडळाच्या पैशावर झाला, आणि त्यातही पारडं जोडपंपाकडेच झुकलं.

या सगळ्यात माझा आवडता आकडा वेगळाच आहे: ५६. 'नॉव्हेल स्टार्ट'मध्ये एक तिसरा गटही होता. त्यातल्या लोकांना रोज दोनदा स्टेरॉइड घ्यायला सांगितलं होतं, त्यांनी सरासरी ५६ टक्केच डोस घेतले. पंपावर यंत्र बसवलेलं, ते मोजतंय हे माहीत, तरीही ५६. माणूस असाच आहे, हे इथे गृहीत धरतात आणि मग त्याला साजेसा पंप शोधतात. आपल्याकडे आधी रुग्णाला झापतात.

एकदा एका माओरी, म्हणजे इथल्या मूळ लोकांपैकी, बसचालकाचा आलेख उघडला. सगळा नीटनेटका, फक्त एका आठवड्यात पहाटे तीन-चारच्या सुमाराला रेघांची गर्दी. नर्सने खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, "या आठवड्यात काय झालं होतं?" तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, भाऊ गेला. तीन दिवस सगळं कुळ मराएवर, म्हणजे कुळाच्या सभाघराच्या आवारात, देहाजवळ बसून, तिथेच झोपून. थंडी होती, रोजचा पंप घरी राहिला होता. फॉर्मवर 'लक्षणं वाढण्याचं कारण' अशी एक चौकट असते, इंचभर. तिथे काय लिहायचं मला सुचेना. नर्सने लिहिलं: 'तांगी', म्हणजे माओरींचा हा अंत्यविधी. इथे सगळ्यांना कळतं.

त्याच माणसाच्या संमतीपत्रात आणखी एक प्रश्न होता, जो मी भारतात कधीच पाहिला नव्हता: तपासणीनंतर तुमचं रक्त नष्ट करताना कराकिया, म्हणजे प्रार्थना, म्हणावी असं वाटतं का? त्याने 'हो'वर खूण केली होती. दोन चमचे रक्त. भेटीचा मोबदलाही इथे फी म्हणून देत नाहीत, कोहा म्हणून देतात. कोहा म्हणजे भेट. असतं पेट्रोलचं कुपनच, पण दोन्ही हातांनी दिलं जातं.

आमच्या अण्णांना पंधरा वर्षं दमा आहे. उसाचं पाचट पेटलं की छातीत घरघर सुरू. "पंपाची सवय लागते" हे त्यांचं ठाम मत, त्यामुळे निळा पंप कपाटात धोतरांच्या मागे, आणि घ्यायचा तोही मोरीत जाऊन, कोणी बघू नये म्हणून. गेल्या दिवाळीत मी डॉक्टरांशी फोनवर बोलले. त्यांनी तपासून जोडपंप लिहून दिला. (तुम्हीही आपल्या डॉक्टरांना विचारूनच बदला. माझं वाचून नको.)

त्या पंपाच्या पाठीला आकड्याची खिडकी आहे, १२० पासून खाली उतरणारी. दर रविवारी आई तिचा फोटो पाठवते. तीन रविवार ११८. चौथ्या रविवारी एकदम ९४.

अण्णांनी घेतला की हवेत सोडला, हे मी अजून विचारलेलं नाही. आई म्हणते, मोरीत बराच वेळ होते.