आमची वाटचाल : नळाचे पाणी मागे फिरू नये म्हणून

जळगावात पाईप-फिटिंगचे दुकान काढण्यात वडिलांनी आणि काकांनी फार मोठे धाडस केले, असे म्हणता येणार नाही. पीव्हीसी पाईप आणि ठिबकच्या नळ्या जेथे तयार होतात आणि केळीच्या बागांना जेथे त्या बारमाही लागतात, तेथे एल्बो, टी आणि सॉकेट विकणाऱ्याला गिऱ्हाईक शोधत फिरावे लागत नाही. पुढे मालाबरोबर जोडणीचे कामही आम्ही घेऊ लागलो, आणि जोडणी करता करता आमचा धंदा वेगळ्याच दिशेला वळला. आज आमच्या उत्पन्नाचा मोठा भाग विक्रीतून नव्हे, तर तपासणीतून येतो. पिण्याच्या पाण्याच्या नळीत दुसरे कोणते पाणी उलटे शिरू शकते का, हे पाहणे आणि ती शक्यता बंद करणे, हे ते काम होय.

या कामाची पहिली अडचण अशी, की पाणी उलटे जाते यावर लोकांचा विश्वासच बसत नाही. ‘पानी उलटं कसं जाई भाऊ?’ हा प्रश्न आम्ही पारोळ्यापासून रावेरपर्यंत ऐकलेला आहे. नळीत दाब असतो तोवर पाणी पुढेच जाते हे खरे. परंतु दाब नाहीसा झाला, की नळीच्या कोणत्या टोकाला काय जोडलेले आहे यावर त्याची दिशा ठरते. मुख्य नळीत पोकळी निर्माण झाली, तर ती उघड्या टोकातून मिळेल ते ओढून घेते. पूर्ण निर्वात असेल तर वातावरणाचा दाब पाण्याला सुमारे १०.३ मीटर उंच चढवू शकतो. जमिनीवरच्या बादलीतले पाणी मागे ओढायला त्याचा अगदी लहानसा अंशही पुरतो. दुसऱ्या प्रकारात ओढ नसून ढकल असते. आपल्या आवारातला पंप, बॉयलर किंवा उंचावरची टाकी यांचा दाब नळाच्या दाबापेक्षा वाढला, की आतले पाणी बाहेरच्या नळीत जाते.

चोवीस तास दाब असलेल्या शहरात मुख्य नळी फुटणे किंवा आग विझवण्यासाठी एकदम पाणी उपसले जाणे, अशा प्रसंगीच पाणी उलटे फिरते. आपल्याकडे पाणी दोन दिवसाआड, चार दिवसाआड आणि उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा येते. व्हॉल्व्हमनने व्हॉल्व्ह बंद केला, की उताराच्या बाजूचे नळ उरलेले पाणी घेतात आणि चढावरच्या नळ्या रिकाम्या होताना ओढू लागतात. म्हणजे जो प्रसंग इतरत्र अपवादाने येतो, तो येथे प्रत्येक पाळीला येतो. त्यात कोणी टिल्लू पंप थेट नळाला लावला, तर शेजारच्या नळीत ओढ तयार होते आणि गटारीलगतच्या सैल जोडातून जे आत यायचे ते येते. पंप असा लावण्यास स्थानिक संस्थांची मनाई असते. ती किती पाळली जाते, हे पाण्याच्या दिवशी गल्लीतून चालत गेल्यास कानांनीच कळते.

सर्वांत जुना रोग म्हणजे नळाचा खड्डा. दाब कमी असल्याने तोटी जितकी खाली तितके पाणी जास्त, या हिशेबाने लोक अंगणात खड्डा खणून त्यात नळ घेतात. हिशेब चुकीचा नाही. मात्र त्याच खड्ड्यात भांड्यांचे खरकटे पाणी साचते, तोटी त्यात बुडते आणि पुरवठा थांबताच ते पाणी नळीत जाते. पुढच्या पाळीला पहिल्या धारेचे पाणी पिवळट आले, की दोष धरणाला दिला जातो. हौदाचेही तसेच आहे. जास्त पाणी मिळावे म्हणून येणारी नळी थेट हौदाच्या तळापर्यंत नेलेली असते, आणि वस्ती उतारावर असेल तर भरलेला हौद रात्रीतून सायफनने मुख्य नळीत रिकामा होऊ शकतो.

आमचे काम चालू लागले ते या हौदामुळेच. दूषित पाण्याची भीती घालून कोणी खर्चाला तयार होत नसे. ‘आम्ही इतकी वर्षे हेच पाणी पितो’ हे उत्तर तयार असे. परंतु ‘तुम्ही भरलेले पाणी परत जात आहे’ असे म्हटल्यावर घरातील ज्येष्ठ मंडळी खुर्ची ओढून समोर बसत. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या प्रदेशात पाण्याची चोरी, मग ती स्वतःच्याच नळीने केलेली का असेना, कोणाला सहन होत नाही. हे कळल्यापासून आम्ही आरोग्याचा विषय दुसऱ्या क्रमांकावर नेला, आणि त्याबद्दल मला संकोच वाटत नाही.

यावरचा उत्तम उपाय सर्वांत स्वस्त आहे, आणि धंद्याच्या दृष्टीने तीच पंचाईत आहे. नळीचे तोंड भांड्याच्या किंवा टाकीच्या काठापेक्षा वर ठेवायचे. मध्ये नळीच्या व्यासाच्या दुप्पट, आणि निदान २५ मिलिमीटर, मोकळी जागा सोडायची. या एअर गॅपमधून पाणी मागे जाऊच शकत नाही, कारण पाण्याला पाणी लागलेलेच नसते. यात बिघडणारा भाग नाही, झिजणारे वॉशर नाही. पण गिऱ्हाईक पाईपचे पैसे देते, रिकाम्या जागेचे देत नाही. हौदातील नळी कापून वर घेतली, तर बिलात माल घटतो आणि मजुरी तेवढी दिसते. वडिलांचे म्हणणे होते, की दुकानदाराने मालच विकावा. मी आणि धाकट्या भावाने तपासणीचे शुल्क वेगळे लावायला सुरुवात केली, आणि ते आधी सांगितले तर लोक देतात, असा आमचा अनुभव आहे.

शंका घेणाऱ्यांना आम्ही अमेरिकेतील दोन घटना सांगतो. १९३३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरले असताना दोन हॉटेलांतील सदोष नळजोडण्यांमुळे मैलापाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले, अमिबाजन्य आमांशाची साथ पसरली आणि ९८ माणसे दगावली. १९६९ साली मॅसॅच्युसेट्समधील होली क्रॉस महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाला कावीळ झाली. गावात आग लागून नळाचा दाब घसरला तेव्हा मैदानाजवळच्या जमिनीतील खोलगट नळपेट्यांमध्ये साचलेले, मुले ज्यात खेळत होती ते पाणी नळीत ओढले गेले होते. ती खोलगट पेटी म्हणजे आपला नळाचा खड्डाच, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

शहरातील इमारतींत वेगळा प्रकार आढळतो. बोअरची नळी आणि नगरपालिकेची नळी एकत्र करून मध्ये एक व्हॉल्व्ह ठेवलेला असतो, आणि तो बंद आहे या भरवशावर सगळी इमारत पाणी पिते. व्हॉल्व्ह गळतो, किंवा कोणीतरी तो उघडून विसरते. तपासण्याची रीत सोपी आहे. नगरपालिकेचा पुरवठा बंद करावा आणि नळ्या रिकाम्या होऊ द्याव्यात. तरीही त्या नळाला धार आली, तर जोड आहे. शिवाय विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरने बोअरचे जड पाणी ओळखू येते, आणि ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून करायच्या चाचणीत पिवळी छटा उमटली नाही तर त्यात क्लोरीन उरलेला नाही हे कळते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे, आयएस १०५०० प्रमाणे, तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. संडासातील जेट स्प्रेची नळी भांड्यात लोंबत असेल आणि तीच उभी नळी स्वयंपाकघरात जात असेल, तर तेथेही ओढ लागते. टाकीतून उतरणाऱ्या नळीला वर हवेचा पाईप हवा, हा जुना मिस्त्रींचा नियम त्यासाठीच होता. नवे लोक तो पाईप ‘कशाला’ म्हणून गाळतात.

शेतातील काम आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. केळीला ठिबकमधून युरिया आणि पोटॅश देण्यासाठी व्हेंच्युरी, म्हणजे वाहत्या पाण्याच्या ओढीने खताचे द्रावण नळीत खेचणारा जोड, लावतात. खत चालू असतानाच वीज गेली, तर नळ्यांतील पाणी विहिरीकडे परतते आणि खताच्या टाकीतील द्रावण सोबत ओढते. नळ्या धुण्यासाठी आम्ल सोडले असेल तर तेही. सालदाराच्या खोलीला बहुधा त्याच विहिरीचे पाणी असते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि त्याचा रंग किंवा वास येत नसल्याने चवीवरून काही कळत नाही. येथे आम्ही पंपानंतर एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप), त्याआधी पोकळी मोडणारा एअर व्हॉल्व्ह आणि खताच्या टाकीला स्वतंत्र बंद कॉक, अशी मांडणी करतो. एकट्या एनआरव्हीवर विसंबू नये, हे आम्ही वारंवार सांगतो; आपल्या जड पाण्याचा क्षार झडपेवर बसला, की ती अर्धवट उघडीच राहते. फवारणीचा ड्रम भरताना नळी आत बुडवू नये, एवढी एक सवय लागली तरी निम्मे काम होते.

कारखाने आणि रुग्णालये यांच्यासाठी आरपीझेड नावाचे उपकरण आहे. त्यात दोन झडपा आणि मधल्या कप्प्यात एक सुटका-झडप असते. झडपा नादुरुस्त झाल्या तर पाणी मागे न जाता बाहेर सांडते. ते खड्ड्यात न बसवता जमिनीच्या वर बसवावे लागते आणि दरवर्षी तपासावे लागते. त्यातच अर्धा ते एक किलो दाब खर्ची पडतो, म्हणजे पाच ते दहा मीटर उंचीचा. आपल्या नळाला मुळात तेवढाच दाब असेल, तर उपकरणापलीकडे धार उरत नाही. म्हणून एका दालमिलच्या मालकांनी ते मागितले, तेव्हा आम्ही विक्री नाकारली आणि बॉयलरच्या पाण्यासाठी एअर गॅप असलेली वेगळी टाकी सुचवली. वडिलांना ते पटले नव्हते. टाकी मात्र त्यांनीच उभी राहून बसवून घेतली.

सध्या गावांतील काम वाढले आहे. २०१९ पासून जलजीवन मिशनमुळे माणशी रोज ५५ लिटरच्या हिशेबाने घरोघरी नळ आले, आणि नळाबरोबर खड्डेही आले. ग्रामपंचायतीने बोलावले, तर आमची मुले ओट्यावर उभा नळ घेतात, तोटी बसवतात आणि खाली सांडपाण्याला वाट काढून देतात. दाब कमी पडतो अशी तक्रार आली, तर पाळीची वेळ वाटून घेण्याविषयी पाणीपुरवठा समितीशी बोलतो. जुना खड्डा मुरूम टाकून बुजवल्याशिवाय मात्र काम पूर्ण झाल्याची सही आम्ही करत नाही.