हद्दीपलीकडचा बंब

दोन-अडीच वर्षांपूर्वी आमच्या समोरच्या घरात स्वयंपाकघराला आग लागली. आजी कढईत तेल तापत ठेवून फोनवर बोलत बसल्या, एवढंच निमित्त. 911 ला, म्हणजे अमेरिकेतल्या आपत्कालीन नंबरला, फोन लागल्यापासून पाचेक मिनिटांत बंब दारात उभा होता. आग लहान होती, विझली, आजी सुखरूप बाहेर आल्या. सगळे धुराकडे बघत होते. माझा मुलगा मात्र बंबाकडे बघत होता.

"आई, यावर 106 लिहिलंय. आपल्याकडचे बंब तर 4 नं सुरू होतात ना?"

बरोबर होतं त्याचं. आम्ही राहतो व्हर्जिनिया राज्यातल्या फेअरफॅक्स काउंटीत, वॉशिंग्टनपासून जवळच. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग. या सगळ्या परिसरात अग्निशमन केंद्रांना एकाच पद्धतीनं क्रमांक दिलेत आणि पहिल्या आकड्यावरून केंद्र कुठलं ते कळतं. 1 म्हणजे आर्लिंग्टन, 2 अलेक्झांड्रिया, 4 आम्ही, 5 प्रिन्स विल्यम, 6 लाउडन. नदीपलीकडे मेरीलँडमध्ये 7 माँटगमेरी आणि 8 प्रिन्स जॉर्जेस. 106 क्रमांकाचं केंद्र आहे फॉल्स चर्च या छोट्या शहरात आणि तिथे जवान असतात आर्लिंग्टन काउंटीचे. म्हणजे आग तिसऱ्याच हद्दीत लागली होती, पण तो बंब सर्वांत जवळ होता म्हणून तो आला. हद्द न बघता जवळचा बंब पाठवायचा, हा करार उत्तर व्हर्जिनियात 1970 च्या दशकापासून चालू आहे.

"हे आमच्या हद्दीत येत नाही" हे वाक्य आयुष्यात एकदाही ऐकलं नाही असा मराठी माणूस मला अजून भेटायचाय. त्यामुळे त्या संध्याकाळी मी त्या आकड्याकडे बराच वेळ बघत राहिले.

इथला भूगोल हद्दींनी भरलेला आहे. मध्ये राजधानी, म्हणजे डीसी, जी कुठल्याच राज्यात नाही. एका बाजूला मेरीलँड, पोटोमॅक नदीपलीकडे व्हर्जिनिया. त्यात काउंट्या, काउंटीत नसलेली स्वतंत्र शहरं, आणि वर संघराज्याची आपली वेगळी पोलीस दलं: संसदेचं एक, राष्ट्रीय उद्यानांचं एक, पेंटॅगॉनचं एक. मेट्रो रेल्वेचे पोलीस तर दोन्ही राज्यांत आणि डीसीत, तिन्हीकडे काम करतात. या सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवण्याचं काम मेट्रोपॉलिटन वॉशिंग्टन काउन्सिल ऑफ गव्हर्नमेंट्स ही संस्था करते. 1957 साली सुरू झाली, आज 24 स्थानिक सरकारं तिची सदस्य आहेत. तिला कुणाला हुकूम देता येत नाही. ती लोकांना एकत्र बोलवते, तेवढंच. कृष्णाकाठच्या वाचकांना एवढ्यावरही तिचं मोल कळेल, कारण पाऊस एका राज्यात आणि धरण दुसऱ्या राज्यात असलं की काय होतं ते त्यांनी भोगलंय.

ही समज इथे आपोआप आलेली नाही. 13 जानेवारी 1982 ला बर्फाच्या वादळात एअर फ्लोरिडाचं विमान वॉशिंग्टनच्या नॅशनल विमानतळावरून उडालं आणि काही क्षणांत चौदाव्या रस्त्याच्या पुलावर आदळून गोठलेल्या पोटोमॅकमध्ये पडलं. विमानातले 74 आणि पुलावरचे 4 जण गेले. वाचले फक्त पाच. आर्लंड विल्यम्स नावाचा प्रवासी हेलिकॉप्टरनं टाकलेला दोर दर वेळी दुसऱ्याकडे देत राहिला आणि शेवटी बुडाला. त्या पुलाच्या एका भागाला आज त्याचं नाव आहे. माझा नवरा आठवड्यातून तीनदा त्यावरून जातो. त्याच दिवशी, अर्ध्या तासाच्या आत, मेट्रोची गाडी भुयारात रुळांवरून घसरली आणि आणखी तीन माणसं गेली.

आता यातली गुंतागुंत बघा. विमानतळ व्हर्जिनियात, पण नदीचं पाणी डीसीच्या हद्दीत. लोकांना काढणारं हेलिकॉप्टर उद्यान पोलिसांचं. एका किनाऱ्यावर एक दल, दुसऱ्यावर दुसरं, आणि प्रत्येकाचा रेडिओ वेगळा. समोरच्या काठावरचा माणूस डोळ्यांना दिसतोय, पण त्याच्याशी बोलता येत नाही. सामाईक रेडिओ वाहिन्या आणि परस्पर मदतीचे करार यांना नंतर जो जोर आला, त्याच्या मुळाशी ही दुपार आहे.

11 सप्टेंबर 2001 ला पेंटॅगॉनवर विमान आदळलं, 184 जणांचा जीव गेला. जगातलं सर्वांत मोठं लष्करी कार्यालय, पण ते आर्लिंग्टन काउंटीत येतं, म्हणून बचावकार्याची सूत्रं काउंटीच्या अग्निशमन दलाच्या जेम्स श्वार्ट्झ या अधिकाऱ्याकडे होती. सेना, एफबीआय, शेजारच्या काउंट्या, सगळे त्याच्याबरोबर जवळपास दहा दिवस एकत्र काम करत होते. हे जमलं, कारण ही माणसं आधीपासून एकमेकांना ओळखत होती. माझ्या मते देशांतर्गत सुरक्षा बघणाऱ्या होमलँड सिक्युरिटी खात्याच्या इमारती आणि निधीपेक्षा ही ओळख मोठी. निधी लागतोच. 2003 पासून मोठ्या शहरांसाठी संघराज्याचं वेगळं अनुदान आहे. 2004 च्या एका कायद्यानं कळीचा प्रश्नही सोडवला: व्हर्जिनियाचा जवान मेरीलँडमध्ये मदतीला गेला आणि काही बिनसलं, तर त्याच्यावरचा दावा कुठल्या राज्याच्या कायद्यानं चालायचा? त्याच्या स्वतःच्या राज्याच्या. वाचायला कोरडं वाटतं. पण याचं उत्तर आधी ठरलेलं नसेल तर वकील परवानगी देत नाहीत आणि बंब जागचा हलत नाही.

मी इथे आले 2010 मध्ये. पुढच्याच जानेवारीत, 26 तारखेला, सगळं माहीत असूनही गोष्टी कशा फसतात ते पाहिलं. सरकारी कचेऱ्या दोन तास लवकर सुटल्या आणि नेमकं तेव्हाच बर्फ कोसळायला लागलं. आधीच्या पावसानं रस्त्यावरचं मीठ धुऊन नेलेलं, गाड्या अडकलेल्या, बर्फ काढणारे ट्रक त्याच गर्दीत. नवरा साडेतीनला निघाला आणि मध्यरात्री एकला घरी आला. मी नवीन देशात, फोनची बॅटरी संपत आलेली, खिडकीपाशी बसून होते. तो दिवस संपूर्ण प्रदेशाला झोंबला. आता वादळ येणार म्हटलं की पहाटे, लोक झोपेत असताना, हवामान खातं, रस्ते, मेट्रो, काउंट्या आणि केंद्र सरकारचं कर्मचारी खातं यांची एकत्र फोनवर बैठक होते. उजाडायच्या आत निर्णय लागतो आणि घरोघरी कळतो.

त्याहून जास्त मी घाबरले ती 29 जून 2012 च्या रात्री. डेरेचो नावाचं सरळ रेषेत धावणारं वादळ आलं, झाडं पडली, वीज गेली. शेजारच्या आजोबांना ऑक्सिजनचं यंत्र लागायचं. सकाळी 911 लावला तर पलीकडे नुसती शांतता. टेलिफोन कंपनीच्या केंद्रातले जनरेटर सुरूच झाले नव्हते, हे मागाहून कळलं. आम्ही आजोबांना गाडीत घालून थेट अग्निशमन केंद्रावर गेलो. त्या दिवशी काउंटीही लोकांना तेच सांगत होती: जवळच्या चौकीवर किंवा केंद्रावर स्वतः जा. काउंट्यांनी आपसात कितीही करार केले तरी त्यांचा फोन तिसऱ्याच्या हातात असतो, ही गोष्ट तेव्हा उघडी पडली. मला तिचा अजूनही राग आहे.

त्यानंतर मी काउंटीचं सर्ट प्रशिक्षण घेतलं. मोठ्या आपत्तीत बंब पोहोचेपर्यंत शेजाऱ्यांनी काय करायचं, याचा हा अभ्यासक्रम लॉस एंजलिसच्या अग्निशमन दलानं 1985 मध्ये सुरू केला. गॅस कुठून बंद करायचा, लाकडी ठोकळे रचून ढिगारा कसा उचलायचा, जखमींना लाल, पिवळ्या, हिरव्या पट्ट्या कशा लावायच्या. शिकवणारे निवृत्त जवान एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत: रेडिओवर साध्या भाषेत बोला. पूर्वी प्रत्येक खात्याचे सांकेतिक आकडे वेगळे असत, एकाच आकड्याचा अर्थ दोन ठिकाणी दोन. आता एकत्र काम करताना "आग", "जखमी", "मदत पाठवा", असंच बोलतात.

29 जानेवारी 2025 ला रात्री नॅशनल विमानतळाजवळ प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर हवेत धडकले. पुन्हा जानेवारी, पुन्हा तीच बर्फाळ नदी. आम्ही टीव्हीसमोर बसलो होतो. काठावर बंबांची रांग होती आणि मुलगा जमेल तेवढे आकडे वाचत होता. एक. दोन. चार. पलीकडून मेरीलँडची पथकंही आली होती. तीनशेहून अधिक माणसं त्या थंड पाण्यात आणि काठावर राबली. या वेळी त्यांना एकमेकांशी बोलता येत होतं, सूत्रं डीसीच्या अग्निशमन दलाकडे होती, हद्द कुणी विचारली नाही. 67 पैकी एकही जण वाचला नाही.

"सगळे आले होते ना, आई?" मुलानं विचारलं.

हो म्हटलं. सगळे आले होते. मग तो बराच वेळ काही बोलला नाही, आणि मीही टीव्ही बंद केला नाही.