दर घटला, भाव नाही

आज महागाईचे आकडे आले. आकडा हातात पडल्यापासून पाच मिनिटांत बातमी लावायची असते त्यामुळे धावपळ ठरलेलीच, मी कॉपी पाठवली आणि डेस्कवरून हेडिंग आलं 'महागाई घटली, वस्तू स्वस्त'. लगेच फोन करून बदलायला लावलं. अहो घटलाय तो भाववाढीचा दर! 100 ची वस्तू 110 झाली तेव्हा दर 10 टक्के, पुढच्या वर्षी तीच 115.50 झाली की दर 5 टक्के, म्हणजे दर निम्म्यावर आला पण माणूस पहिल्यापेक्षा साडेपंधरा जास्तच मोजतोय ना. त्यात बेस इफेक्ट वेगळाच, मागच्या वर्षी याच महिन्यात भाव खूप चढलेले असले की यंदाचा दर आपोआप कमी दिसतो.

आकड्यावरून लोकांचं जगणं कळत नाही, अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्सने तर 1934 मध्येच अमेरिकेच्या संसदेला बजावलं होतं की राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यावरून देशाचं कल्याण जोखता येत नाही. मला हे रोज आठवतं, खरंच.

हेडिंग बदललं पण तोवर जुनं बऱ्याच जणांनी शेअर केलेलं, त्याची रुखरुख अजून आहे. उद्या जीडीपीचा, म्हणजे देशाच्या एकूण उत्पादनाचा आकडा. मागच्या तिमाहीचा सुधारित आकडा आत्ताच काढून ठेवते, तो बातमीत हमखास राहून जातो.