आमची वाटचाल : बडोद्याच्या उन्हातलं लाकूड

वडिलांचं काम दांडिया बाजाराच्या आसपासच्या जुन्या घरांतलं. शिसवी झोपाळे, देवघराची दारं, लाखेचं पॉलिश. उघड्यावरचं लाकूड त्यांनी कधी घेतलं नाही. पुढे वासणा-भायली, सेवासीकडे बंगले वाढले आणि लोक अंगणातले परगोला (उघडे लाकडी मांडव), बाकं, झोपाळ्याचे खांब दाखवायला बोलावू लागले. बहुतेक ठिकाणी चकचकीत पीयूचे (पॉलियुरेथेन, म्हणजे लाकडावर दिलेला कडक पारदर्शक थर) पापुद्रे सुटलेले, खाली करडं पडलेलं सागवान. तेव्हा ठरवलं, आपण हेच काम शिकायचं.

उन्हातले अतिनील किरण पारदर्शक थरातून आरपार जातात आणि लाकडाचे तंतू धरून ठेवणारं लिग्निन मोडतात. वरचा थर शाबूत दिसतो, पण तो ज्याला चिकटलाय तेच भुसभुशीत झालेलं असतं. त्यात लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. कडक थराला हे सोसत नाही. चीर पडते, पाणी आत शिरतं आणि तिथेच कोंडतं.

म्हणून बाहेरच्या लाकडाला आम्ही चकाकी देतच नाही. मुरणारं आणि रंगद्रव्य असलेलं तेल लावतो, कारण ऊन अडवतं ते रंगद्रव्य. हे तेल हळूहळू विरतं, सोलत नाही. पुढच्या वेळी धुवून, हलका काचकागद मारून पुन्हा हात देता येतो. ‘शाइन नाही आली’ म्हणणाऱ्या ग्राहकाला हे समजावण्यात वेळ जातो, पण इथे आम्ही तडजोड करत नाही.

सगळ्यात जास्त जपतो ती कापलेली टोकं. पाणी तिथूनच सर्वांत भराभर शोषलं जातं, म्हणून टोक तेल प्यायचं थांबेपर्यंत पाजत राहतो. खांब मातीत गाडत नाही, गॅल्व्हनाइज्ड बुटावर (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी बैठकीवर) जमिनीपासून उचलून बसवतो. वाळवी आणि ओल दोन्ही लांब राहतात. तेल सकाळी लवकर किंवा सावलीत लावायचं. तापलेल्या लाकडावर ते मुरण्याआधीच सुकू लागतं.

नव्या मुलाला पहिल्या दिवशी शिकवतो ते चिंध्यांबद्दल. जवसाच्या तेलाच्या चिंध्यांचा बोळा आपोआप तापून पेटू शकतो. त्या उघड्यावर पसरायच्या किंवा पाण्याच्या बादलीत टाकायच्या.

पाऊस साधारण जूनच्या मध्याला येतो. त्याआधी तेल मुरून सुकायला हवं, म्हणून मे संपल्यावर बाहेरचं नवं काम आम्ही पावसाळा सरेपर्यंत घेत नाही.