तुम्ही विचारलंत म्हणून: समोरचा ट्रकवाला लाइट का मारतो?

धुळ्यात माझं टायरचं दुकान आहे. त्याआधी 19 वर्षं ट्रकवर होतो. हे कारवाल्यांना कळलं की जॅक लागेपर्यंत प्रश्न ठरलेला: "भर दुपारी समोरचे ट्रक लाइट मारतात, ते पुढे पोलीस आहेत म्हणूनच ना?" मागच्या रविवारी पुण्याच्या एका ताईंनीही हेच विचारलं. गिऱ्हाइकं खोळंबली होती, म्हणून "हो" म्हणून मोकळा झालो. ते अर्धंच उत्तर होतं.

असं लाइट मारण्याला आम्ही डिपर म्हणतो. मी जिथून आलो तिथं काहीतरी आहे, एवढंच डिपर सांगतो. पोलीस असतील, आरटीओ असेल, ठेलाऱ्यांची, म्हणजे आमच्याकडच्या मेंढपाळांची, मेंढरं रस्ता ओलांडत असतील, नाहीतर मागे लाल दिवा नसलेली उसाची ट्रॉली असेल. समोरासमोरच्या गाड्या दोन सेकंदांत एकमेकींना ओलांडून जातात, तेवढ्यात आणखी काय बोलणार? वेग कमी असला तर हात बाहेर येतो. पंजा खाली दाबल्यासारखा केला की हळू हो. बोट मागे दाखवून मूठ फिरवली की तुझा मागचा टायर बघ. कधी हवा गेलेली असते, कधी जोडटायरांच्या मध्ये दगड अडकलेला असतो. हा दगड सुटला तर गोळीसारखा मागच्या गाडीच्या काचेवर जातो. कारवाल्यांनो, गिट्टीच्या रस्त्यावर ट्रकला चिकटून चालू नका ते यासाठी.

डिपर काय म्हणतोय हे निम्मं आपल्याच मनात असतं. 2009 च्या पावसाळ्यात मी कापसाच्या गाठी घेऊन सुरत रोडने निघालो होतो. (या रस्त्याचा नंबर 6 चा 53 झाला, पण ड्रायव्हरच्या तोंडी तो सुरत रोडच.) माल पासिंगपेक्षा, म्हणजे गाडीला मंजूर वजनापेक्षा, बराच जास्त होता, खोटं कशाला सांगू. दहिवेल सोडलं आणि कोंडाईबारी घाटाच्या अलीकडे लागोपाठ तीन डिपर मिळाले. मी मनात म्हटलं, आरटीओ. गाडी ढाब्यावर लावली आणि चहा सांगून बाजेवर पडलो. तासाभराने घाटातून एक जण आला, त्याने खिडकीतूनच हाक दिली, "पुढे टँकर उलटेल शे भो, तेल सांडेल शे, दमानं जाय." म्हणजे टँकर उलटलाय, तेल सांडलंय, हळू जा. पावसात तेलावर गेलो असतो तर भरलेली गाडी थांबली नसती. सावधपणामुळे वाचलो असं लोकांना सांगायला बरं वाटतं, पण खरं तर दंडाच्या भीतीने वाचलो.

रात्री बिघडलेली गाडी कशी ओळखायची तेही सांगतो. नव्या गाडीसोबत चमकणारा त्रिकोण मिळतो, पण तो बऱ्याचदा सीटखालीच पडून राहतो. आमच्याकडे बाभळीची नाहीतर निंबाची फांदी तोडून मागे टाकतात आणि तिच्याभोवती दगड मांडतात. फांदीचा पाला हिरवा असेल तर गाडी आत्ताच बंद पडलीय, माणसं तिच्या खाली काम करत असतील, लांबून जा. पाला वाळलेला असेल तर कालपासून उभी आहे. खरा घोळ नंतर होतो. गाडी दुरुस्त होते, ड्रायव्हर घाईत निघून जातो आणि दगड तिथंच राहतात. सावध करायला ठेवलेल्या दगडावरच मोटारसायकलवाला जातो. मी क्लीनर होतो तेव्हा उस्ताद सगळे दगड बाजूला केल्याशिवाय स्टार्टर मारत नसत. एकदा मी एक विसरलो, तर त्यांनी मैलभरावरून मला पायी परत पाठवलं. त्या दिवशी शिव्या दिल्या, मनातल्या मनात.

उतारावर मागून सतत हॉर्न येत असेल, लाइट चालूच असेल आणि क्लीनर दारातून टॉवेल हलवत असेल, तर तो बाजू मागत नाही. ब्रेक गेलेत. उतरताना पाय ब्रेकवर धरून ठेवला की ड्रम तापतात, लायनर जळाल्याचा वास येतो आणि मग पायाखाली काही लागतच नाही. म्हणून ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकणारे अजून आहेत, त्यांच्याशी वाद घालून मी थकलो. आग्रा रोडला बिजासन घाट उतरला की शिरपूर तालुक्यातलं पळासनेर येतं. जुलै 2023 मध्ये तिथं ब्रेक गेलेला कंटेनर गाड्यांना धडकत हॉटेलात घुसला. किमान दहा माणसं गेली. असा टॉवेल दिसला तर मागे बघत बसू नका, रस्ता सोडा.

आता पोरं म्हणतात, काका, डिपर कशाला, व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप आहे. आहे, मीही आहे त्यात. जाम कुठं लागलाय ते धुळ्यात बसून कळतं. पण घाटात रेंज नसते, आणि सकाळचा मेसेज रात्रीपर्यंत फिरत राहतो. मोकळ्या झालेल्या रस्त्यासाठी लोक चाळीस किलोमीटरचा फेरा मारतात. डिपर फॉरवर्ड करता येत नाही. जो देतो तो तिथून नुकताच आलेला असतो.

परवा एका कारची रिम वाकून आली. कुठं आपटली विचारलं, तर लळिंग घाटाच्या उतारावर, दगडावर. रिम ठोकून दिली, पैसे घेतले आणि संध्याकाळी मोटारसायकल काढून तिकडे गेलो. दगड कुणीतरी आधीच कडेला लोटला होता. वाळलेली फांदी तेवढी रस्त्यात होती, ती उचलून टाकली.