आमची वाटचाल : दोन कोरे पाडवे

साउंडच्या धंद्यात आमच्या घराची ही दुसरी पिढी. वडिलांनी सुरुवात केली ती अहुजाचा एक अ‍ॅम्प्लिफायर, दोन भोंगे आणि एक रेकॉर्ड प्लेअर यांच्यावर. लग्न, बारसं, हरिनाम सप्ताह, निवडणुकीची सभा. जिथं बोलावतील तिथं भोंगे बांधायचे आणि रात्री बाजूलाच घोंगडी टाकून झोपायचं. मी हाताशी आल्यावर भोंग्यांच्या जागी बॉक्स आले, मग मिक्सर, मग कर्ज काढून टेम्पो आणि जनरेटर. पण आमचं गाव नारायणगावच्या पट्ट्यातलं. तमाशाची पंढरी म्हणतात ती हीच. त्यामुळं लग्नाची कामं कितीही आली तरी खरी ओळख फडांचे, म्हणजे तमाशा मंडळांचे, साउंडवाले हीच राहिली.

मोठ्या फडांचं सगळं स्वतःचं असतं. गाड्या, कनाती, लाइट, साउंड, वर आचारी. आमचं काम मधल्या आणि छोट्या फडांचं, जे हंगामापुरते उभे राहतात. शिवाय यात्रेतले ऑर्केस्ट्रा, भजनी भारूड, कधी बँडवाल्यांची गाडी. तमाशाचा साउंड लावणं हे लग्नाच्या डीजेइतकं सोपं नाही, हे जरा अभिमानानंच सांगतो. गणात झांज आणि तुणतुणं ऐकू आलं पाहिजे, गौळणीत मावशीचा विनोद शेवटच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे, आणि हलगी कडाडली की माइक शिट्टी मारता कामा नये. ढोलकीला दोन माइक लागतात, चाटीला म्हणजे बारीक आवाजाच्या बाजूला वेगळा आणि धुमाला म्हणजे घुमणाऱ्या बाजूला वेगळा. एकावर भागवलं तर ढोलकीवाला त्या रात्री आमच्याशी बोलत नाही.

आता या धंद्यातला पैसा कसा फिरतो ते नीट सांगावं लागेल. ते कळल्याशिवाय मार्च २०२० मध्ये आमचं काय झालं ते कळणार नाही.

दसऱ्याला हंगामाचा नारळ फुटतो आणि बुद्ध पौर्णिमेच्या आसपास हंगाम संपतो. पण मधले कित्येक महिने फड कसाबसा खर्च भागवतो. कमाई होते ती चैत्र-वैशाखात, गावोगावच्या यात्रांत. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, यात्रा कमिट्यांची माणसं येतात, भाव ठरतो, विसार म्हणजे आगाऊ रक्कम देतात. बोलणं तोंडी, फार तर वहीत एक ओळ. फडमालक त्या विसारातून कलाकारांची उचल, म्हणजे कामाआधीच दिलेले पैसे, फेडतो किंवा नवी देतो. आषाढ-श्रावणात काम नसताना कलाकारांची घरं याच उचलीवर चालतात. म्हणजे नाचणारी मुलगी जे आज खाते ते येत्या चैत्रात फेडणार असते. फडमालकानं तो पैसा बहुतेक वेळा व्याजानं काढलेला असतो. त्याच विसारातला थोडा आमच्याकडं येतो, त्यातून मी जनरेटरवाल्याला आणि पोरांना देतो. चैत्राच्या चार-सहा आठवड्यांवर वर्षभराची उधारी उभी असते. बाहेरून बघणाऱ्याला यात्रेत नाचगाणं दिसतं, आम्हाला त्यात हप्ते दिसतात.

९ मार्च २०२० ला होळी होती. त्याच दिवशी पुण्यात राज्यातले पहिले कोरोना रुग्ण सापडले. पुणं आमच्यापासून दोन तासांवर, पण पहिले दोन-तीन दिवस बातमी ‘शहरातली’ म्हणूनच ऐकली. १२ तारखेला तिथीची शिवजयंती होती. आम्ही बॉक्स लावले, पोवाडे वाजले, मिरवणूक झाली. ती आमची शेवटची सुपारी. दुसऱ्या दिवशी राज्य सरकारनं १८९७ चा साथरोग कायदा लागू केला, पुण्या-मुंबईतली नाट्यगृहं आणि थिएटरं बंद झाली, आणि मग जिल्ह्याजिल्ह्यांत यात्रा-जत्रा रद्द झाल्याची पत्रकं येऊ लागली. २२ ला जनता कर्फ्यू, २३ ला राज्यात संचारबंदी. २४ च्या रात्री पंतप्रधानांनी देशभर टाळेबंदी जाहीर केली. २५ मार्चला गुढीपाडवा होता.

तारखेचा हा योगायोग आजही विश्वास बसू नये असा वाटतो. ज्या दिवशी आमच्याकडं वर्षाचे सौदे व्हायचे त्याच दिवशी देश बंद झाला. राहुट्यांसमोर मोटारसायकलींची रांग लागते त्या रस्त्यावर पोलिसांची एक जीप उभी होती.

त्या आठवड्यात माझा फोन सतत वाजत होता, पण कामाचा एकही नाही. सगळे विसाराचे. ज्या यात्रांची बोलणी आधीच झाली होती त्यांच्या कमिट्या फडांकडं पैसे परत मागत होत्या. कमिटीवाल्यांचंही चुकत नव्हतं, ती लोकवर्गणी. घराघरातून गोळा केलेली, गावाला हिशोब द्यायचा असतो. एका फडाच्या मालकीणबाईंचा फोन आला. म्हणाल्या, “भाऊ, कमिटीवाले विसार मागत्यात. मी तर पोरींना वाटून मोकळी झाले. तुमच्याकडं दिलेले तेवढे तरी द्या.” मी म्हटलं, “बाई, ते मी जनरेटरवाल्याला दिले.” जनरेटरवाल्यानं ते गाडीच्या हप्त्याला भरले होते. पैसा कुणी खाल्ला नव्हता, कुणाकडं शिल्लकही नव्हता.

सिनेमाच्या किंवा कंपनीच्या करारात अशा आपत्तीसाठी एक कलम असतं म्हणे. आमच्या वहीतल्या ओळीत ‘अमुक तिथी, अमुक गाव, एवढे दिले, एवढे बाकी’ याच्यापुढं काही नसतं. शेवटी आम्ही फडवाले, साउंडवाले, मंडपवाले यांनी फोनवरच तोड काढली. विसार पुढच्या वर्षाच्या खात्यावर. ज्याच्या घरी दुखणं किंवा बाळंतपण असेल त्याला निम्मा लगेच. सगळ्यांनी ती पाळली असं नाही. एका गावची कमिटी घरापर्यंत आली, तेव्हा उसने काढून दिले. पण कोर्टकचेरीशिवाय एवढं निभावलं, यात वहीपेक्षा ओळखीचा हात जास्त होता असं माझं मत आहे.

टाळेबंदीपेक्षा जास्त त्रास दिला तो तारखांनी. आधी १४ एप्रिल म्हटलं. आम्ही हिशोब केला, अक्षय्य तृतीया २६ एप्रिलला आहे, निदान शेवटचे दहा-बारा दिवस मिळतील. मग ३ मे झालं. बुद्ध पौर्णिमा ७ मेला, म्हणजे चार रात्री. मग १७ मे, मग ३१ मे. एकदाच कुणी सांगितलं असतं की यंदा हंगाम नाही, तर पोरं पहिल्या आठवड्यातच दुसऱ्या कामाला लागली असती. आशेवर बसून सगळ्यांचाच एप्रिल गेला. तेवढ्यात हंगाम कागदावरही संपला.

पोरं मग शेतात गेली. या पट्ट्यात टोमॅटो आहे, मार्केट चालू होतं, शेतमालाला टाळेबंदीतून सूट होती. आमचा मिक्सरवर बसणारा ऑपरेटर क्रेट भरायला लागला. ऑर्केस्ट्रातला कीबोर्डवाला त्याच्याच शेजारी. एक ढोलकीपटू, ज्याच्या एका तुकड्यावर पब्लिक नोटा उधळायचं, तो खुरपणीला जायला तयार नव्हता. लाज नव्हे, बोटांची भीती. खुरप्यानं बोट कापलं तर धुमावर बोट घासून घुमारा, म्हणजे घीस, कशी काढणार? शेवटी त्यानं दुधाची गाडी धरली. फडातल्या बायकांचं जास्त अवघड झालं. एक फड मुक्कामाच्या गावीच अडकला होता, शाळेच्या खोल्यांत. गावानं धान्य दिलं, तेही खरं, आणि ‘ही तमाशाची माणसं कधी जाणार’ असं विचारलं, तेही खरं.

गंमत म्हणजे या काळात पहिलं काम मिळालं ते वडिलांच्या भोंग्यांना. ग्रामपंचायतीला दवंडी द्यायची होती. घराबाहेर पडू नका, मास्क लावा, रेशन अमुक वेळेला. माळ्यावरचे भोंगे काढले, रिक्षावर बांधले. लाखाच्या बॉक्सांवर चादरी आणि वडिलांचे भोंगे गावभर. वडील ओट्यावर बसून ऐकत होते. “आवाज तोंडातून येतो अजून,” एवढंच म्हणाले. त्यांच्या भाषेत ही मोठी पावती आहे.

सामान नुसतं पडून राहिलं की बिघडतं, हे कुणाला सांगून पटत नाही. जनरेटरची बॅटरी उतरते. अ‍ॅम्प्लिफायर महिनोन्महिने बंद राहिला की आतले कपॅसिटर धरत नाहीत. उंदरांना केबल आवडते. आम्ही ठरवून दर आठवड्याला सगळं चालू करायचो, अर्धा तास बारीक आवाजात. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि आमच्या गोदामाचे पत्रे उडाले. वादळ कोकणात धडकलं, पण घाट चढून जुन्नरपर्यंत त्याचा तडाखा होता. जे आठ वर्षांच्या यात्रांत फुटलं नाही ते एका दुपारी भिजलं. बॉक्सचं प्लायवूड फुगलं की त्याला इलाज नाही.

टेम्पोचा हप्ता होताच. रिझर्व्ह बँकेनं मार्चअखेर तीन महिन्यांची सवलत दिली, पुढं ती ऑगस्टपर्यंत वाढली. घेतली आम्ही, पण हप्ता थांबला तरी व्याज चालू होतं, हे आमच्या ओळखीच्या अनेकांना नंतर पासबुकात समजलं. मे महिन्यात सरकारी हमीच्या कर्जाची योजना आली. २९ फेब्रुवारीला जेवढी बाकी होती तिच्या २० टक्क्यांपर्यंत नवं कर्ज, तारणाशिवाय. त्यातून मी पत्रे घातले. पण त्या योजनेत मेख होती. जुनं कर्ज असेल त्यालाच नवं. म्हणजे ज्यानं बँकेतून टेम्पो घेतला त्याला मदत. आणि ज्याची सगळी उधारी सावकाराच्या आणि फडाच्या वहीत, त्या हलगीवाल्याला काही नाही. त्याचं नुकसान कुठल्याच खात्यावर दिसत नव्हतं. २०२१ मध्ये सरकारनं कलावंतांना एकरकमी ५ हजार रुपयांची मदत जाहीर केली. मिळालेल्यांनी घेतली. मात्र जो आयुष्यभर फडाच्या गाडीत फिरला त्याच्याकडं कलाकार असल्याचा कागद कुठून असणार?

सगळे सांगत होते, ऑनलाइन जा. गेलो. ढोलकीवाला त्याच्या घरी, गाणारी तिच्या माहेरी, आणि मी मध्ये लॅपटॉप घेऊन. पहिल्याच तालमीत कळलं की हे होणार नाही. समोरच्याचा आवाज ३० मिलिसेकंदांपेक्षा उशिरा आला की दोघांना एकत्र वाजवणं जड जातं, आणि आमच्या गावच्या नेटवर्कमध्ये त्याच्या कितीतरी पट उशीर. ती समेवर यायची, हा अजून तिहाईतच. दुसरी अडचण आणखी मजेशीर. मीटिंगची अ‍ॅप बोलण्यासाठी केलेली. पंख्याचा, गाडीचा आवाज ती आपोआप दाबतात. आणि त्यांच्या लेखी हलगी म्हणजे गोंगाटच. पोरगा जीव तोडून वाजवतोय आणि पलीकडं शांतता! ती सोय बंद कशी करायची ते सापडेपर्यंत अर्धे प्रेक्षक निघून गेले होते.

मग उलट रस्ता धरला. प्रवासाला मोकळीक मिळाल्यावर नव्या पत्र्यांखाली एक कोपरा गाद्या लावून बंद केला आणि एकेकाला बोलावून रेकॉर्डिंग सुरू केलं. आधी ढोलकी, तिच्यावर पेटी, तिच्यावर गळा. पैसे फार नाही मिळाले. पण ज्या वादकांना आम्ही वर्षानुवर्षं फक्त ‘माइक जवळ घे’ एवढंच सांगत आलो, त्यांचं वाजवणं शांतपणे ऐकायला मिळालं. ती खोली आज आमच्या कमाईचा चांगला भाग आहे.

त्या वर्षीचा गणपती मिरवणुकीविना झाला. ५ नोव्हेंबरला नाट्यगृहं निम्म्या खुर्च्यांवर उघडली. लग्नाला ५० माणसं, आणि ५० माणसांना साउंड कशाला लागतो? २०२१ चा पाडवा १३ एप्रिलला आला, फडांनी पुन्हा उचल काढली होती, आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठपासून राज्यात पुन्हा कडक निर्बंध लागले. त्याबद्दल फार लिहीत नाही. पहिल्या वर्षी माणसं एकमेकांना सांभाळून घेत होती, दुसऱ्या वर्षी कुणाच्याच हातात काही उरलं नव्हतं. काही फड त्यानंतर उभेच राहिले नाहीत. १ एप्रिल २०२२ ला निर्बंध उठले आणि २ तारखेला पाडवा होता. त्या चैत्रात एवढी बोलावणी आली की मागणी होती, माणसं नव्हती. कीबोर्डवाला परत आला. ऑपरेटर नाही आला, त्याची आता स्वतःची पिकअप आहे, आणि आमचं सामान जास्त असलं की त्याचीच गाडी भाड्यानं घेतो.

आता आमच्याकडं छापील पावती आहे. तिच्यावर एक ओळ आहे: सरकारी आदेशानं कार्यक्रम रद्द झाल्यास विसार परत मिळणार नाही, पुढच्या तारखेला वळता होईल. जुने कमिटीवाले ती वाचून हसतात. “आता तुम्ही पण कंपनी झालात काय?” पण सही करतात. पोरांच्या उचलीची वहीही वेगळी ठेवली आहे, त्यातले पैसे हंगामाच्या विसारातून द्यायचे नाहीत असा घरात नियम आहे. तो दरवर्षी श्रावणात मोडायची पाळी येते.

यात्रा कमिट्यांना या निमित्तानं एकच विनंती. रोषणाई आणि पाळणे ज्या फेजवर असतील त्यावर कृपा करून स्टेज जोडू नका, आणि अर्थिंगचा खड्डा आम्ही यायच्या आधी खणून ठेवा. गौळण चालू असताना पाळण्याची मोटर सुरू झाली की बॉक्समधून जो घरघराट येतो, त्याबद्दल शिव्या मात्र साउंडवाल्याला पडतात.