पेडल स्टील गिटारचा गंधार

बेळगावच्या शहापुरातील आमच्या घरी हार्मोनियम आणि तानपुरा यांच्या शेजारी दोन वर्षांपासून दहा तारांची एक जुनी पेडल स्टील गिटार, म्हणजे पायांवर टेबलासारखी आडवी मांडून पेडले आणि गुडघ्याच्या तरफा यांनी स्वर बदलत वाजवायची गिटार, उभी आहे. तिच्या दहा तारा ‘ई नाइन’ पद्धतीने लावतात. त्या पद्धतीतील पाश्चात्त्य स्वरनावे कितीही पाठ केली तरी माझ्या मनात बसत नव्हती. मात्र ‘ई’ला षड्ज मानून पहिल्या तारेपासून रे, नी, ग, सा, प, ग, रे, सा, कोमल नी, प असे वाचले, तेव्हा संपूर्ण वाद्य उलगडले. पहिले पेडल दोन्ही पंचमांना धैवतावर नेते, दुसरे दोन्ही गंधारांना शुद्ध मध्यमावर नेते, आणि गुडघ्याने ढकलायची एक तरफ षड्ज उतरवून निषादावर आणते. डाव्या हातातील पोलादी कांडी सरकवली की सगळ्या तारांची मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे, एकदमच होते. पेडलने मात्र षड्ज जागीच राहतो आणि त्याच्या अंगाला लागून पंचम धैवताकडे चढत जातो. 1954 साली गाजलेल्या अमेरिकन कंट्री गायक वेब पिअर्स यांच्या ध्वनिमुद्रिकेत स्टील गिटारवादक बड आयझॅक्स यांनी स्वर वाजत असतानाच पेडल दाबले आणि ही चढती मींड पुढे या वाद्याची ओळख झाली.

माझ्या वाद्यातील एक ओढसळई वाकलेली होती. ती मी उद्यमबागेतील एका लेथवाल्या काकांकडे नेली, तेव्हा वाद्याचा खालचा भाग न्याहाळून ते म्हणाले, “हे गाडीच्या मागच्या ब्रेकासारखंच आहे की वो.” याहून नेमके स्पष्टीकरण मला कुठेही मिळालेले नाही. पेडल दाबताच वाद्याच्या पोटाखालचा आडवा दांडा थोडा फिरतो, त्याच्यावर बसवलेली कडी सळई ओढते, आणि सळईच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे घोडीच्या जागी असलेला खटका वळतो. तार त्याच खटक्यावरून गेलेली असल्यामुळे ती ताणली जाते. स्वर उतरवायचा असेल तर खटक्याचा दुसरा भाग तार सैल सोडतो आणि पाय किंवा गुडघा काढल्यावर स्प्रिंग त्याला मूळ जागी आणते. ब्रेकच्या सळईवर जसा नट, तसाच येथे प्रत्येक सळईच्या टोकाला नायलॉनचा छोटा नट असतो. मोकळी तार खुंटीने लावायची, मग पेडल पूर्ण दाबून धरून चढलेला स्वर या नटाने लावायचा. हा क्रम उलटा केला तर खुंटी फिरवताच नटाने लावलेला स्वरही हलतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

खरा प्रश्न यंत्राचा नाहीच, तो श्रुतींचा आहे. ट्यूनरचा, म्हणजे स्वर मोजणाऱ्या यंत्राचा, काटा मध्यावर आणून लावलेला गंधार षड्जापासून 400 सेंटवर येतो (पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट); खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार 386 सेंटवर असतो. तानपुऱ्यावर तयार झालेल्या कानाला हा 14 सेंटचा फरक बोचतो, आणि विजेवर वाजणाऱ्या या वाद्यात स्वर लांबवर टिकत असल्याने तो अधिकच बोचतो. म्हणून पुष्कळ वादक गंधार आणि धैवत ट्यूनरच्या खुणेपेक्षा उतरते लावतात, आणि मीही तसेच करतो. यातून एक अडचण मात्र उरतेच, ती ऋषभाची. पंचमाशी जुळणारा ऋषभ 204 सेंटवर आणि अशा उतरत्या धैवताशी जुळणारा 182 सेंटवर असतो. एकच मोकळी तार दोघांचे समाधान करू शकत नाही. काही वादक ऋषभ या दोहोंच्या मध्ये ठेवतात. काही जण पहिल्या पेडललाच आणखी एक सळई जोडून धैवत चढत असतानाच ऋषभ किंचित उतरवतात. मला दुसरा मार्ग पटतो, कारण मधला ऋषभ दोन्हीकडे थोडा थोडा बेसूर राहतो.

आणखी एका गोष्टीने मला अनेक आठवडे गोंधळात टाकले होते. दोन्ही पेडले एकदम दाबली की चार तारांचा ताण वाढतो, वाद्याचे अंग सूक्ष्मसे वाकते आणि ज्यांना आपण हातही लावलेला नाही ते षड्ज काही सेंट खाली येतात. हा दोष खुंटीचा समजून मी षड्ज पुन्हा पुन्हा लावत बसलो होतो. आता मी षड्जाची तार छेडून, काट्याकडे पाहत दोन्ही पेडले दाबतो, ती किती उतरते ते वहीत टिपून ठेवतो आणि मोकळा षड्ज त्याच्या साधारण निम्म्याने चढा लावतो.